मिलो: त्यांच्याकडे चारा, आपल्याकडे भाकरी

"पीएचडीचा विषय काय?" असं कुणी विचारलं आणि मी "दुष्काळातलं रोजचं जेवण" असं सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "त्यात कसला आलाय इतिहास?" राजे नाहीत, लढाया नाहीत, भाकरीचा काय इतिहास असणार! म्हणून आज एकाच धान्याची गोष्ट सांगते. माझ्या प्रबंधातल्या एका प्रकरणाचा गाभा हाच आहे.

मराठवाड्यात साठी-सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही 'बहात्तरचा दुष्काळ' एवढंच म्हणा. दोन शब्द हमखास येतात. एक सुकडी आणि दुसरा मिलो. सुकडी म्हणताना चेहरा जरा खुलतो, मिलो म्हणताना आक्रसतो. "लाल मिलो खाऊन दिवस काढले" हे वाक्य घरोघरी ऐकायला मिळतं. त्या दुष्काळात वाढलेल्या पिढीनं ते पुढच्या पिढीला इतक्यांदा ऐकवलंय की ज्यांनी मिलोचा दाणाही पाहिला नाही, त्यांनाही तो शब्द माहीत असतो.

आता गंमत बघा. मिलो हे काही वेगळं धान्य नाही. मिलो म्हणजे ज्वारीच. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात दोघींचं नाव एकच आहे. मग पिढ्यान् पिढ्या ज्वारीच खाणाऱ्या माणसांना ज्वारी का रुचली नाही? आणि रुचली नाही एवढंच नव्हे, तर तिचा अपमान का वाटला? या प्रश्नाचं उत्तर शोधायला धावड्याहून निघून सुदान आणि अमेरिका फिरून परत यावं लागतं.

धावडा: तीन मुलखांच्या कडेवरचं गाव

धावडा हे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातलं गाव. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या अंगाला, बुलढाणा जिल्ह्याच्या हद्दीजवळ. माझं अभ्यासक्षेत्र म्हणजे हे गाव आणि आसपासचा पट्टा. (जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधी हा सगळा भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता, त्यामुळे बहात्तरची कागदपत्रं शोधायची तर 'जालना' नावाखाली काही सापडत नाही.)

आज या हद्दी म्हणजे नुसते जिल्ह्यांचे बोर्ड आहेत. पण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत धावडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि शेजारचं बुलढाणं इंग्रजांच्या कारभारातल्या वऱ्हाडात. वऱ्हाड १८५३ मध्येच निजामानं इंग्रजांच्या ताब्यात दिलं होतं. डोंगर उतरून उत्तरेला गेलं की खानदेश, तो मुंबई इलाख्यात. म्हणजे दिवसभराच्या चालीत तीन वेगवेगळे कारभार. संस्थानाचं नाणं हाली, पलीकडचं कलदार. शंभर कलदार रुपयांना साधारण ११६ हाली रुपये पडत. माल हद्दीपार न्यायचा तर करोडगिरी, म्हणजे जकात, भरावी लागे. पासपोर्ट नव्हता इतकंच, बाकी देशाच्या सीमेसारखाच प्रकार.

मात्र चुलीपाशी ही सीमा जवळपास नव्हती. अलीकडे ज्वारीची भाकरी, पलीकडेही ज्वारीची भाकरी. खानदेशात ज्वारीत उडीद दळून कळण्याची भाकरी, वऱ्हाडाकडे वरण-बट्टीचा जोर, इकडे पिठलं, ठेचा, कालवण. फरक होते, पण ते एकाच घरातल्या सुनांच्या हातांत असतात तसे. सोयरिकी हद्दीपलीकडे होतच होत्या आणि लेकीबाळी आपापली चव बरोबर घेऊन जात होत्या. दोन सरकारं असली म्हणून दोन जेवणं होत नाहीत, हा माझ्या अभ्यासातला पहिला मुद्दा.

हा भाग जगापासून तुटलेलाही कधी नव्हता. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांच्या लेखांत या गावाचं नाव आहे. नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी १९७३ मध्ये इथं उत्खनन केलं. इथं मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीसारखी मूर्ती इटलीतल्या पॉम्पेईत, ज्वालामुखीच्या राखेखाली सापडलेली आहे. साल पुन्हा वाचा: १९७३. एकीकडे दोन हजार वर्षांपूर्वीच्या भोगवर्धनची माती चाळली जात होती आणि त्याच वर्षी महाराष्ट्रभर लाखो माणसं दुष्काळी कामावर माती उपसत होती. आणि त्यांच्या ताटात सातासमुद्रापारचं धान्य होतं.

ज्वारी आपली, पण मुळात आपली नाही

ज्वारीइतकं 'मराठी' धान्य दुसरं सुचणार नाही. पण ती जन्मली आफ्रिकेत. आजच्या पूर्व सुदानच्या भागात सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी माणसानं ती पेरायला सुरुवात केल्याचे पुरावे आहेत. तिथून ती इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात भारताकडे आली, बहुधा बाजरी आणि नाचणीच्या जोडीनं. या दोघीही आफ्रिकेच्याच.

आता एकच धान्य देशोदेशी कसं खाल्लं जातं ते बघा. सुदानमध्ये ज्वारीचं पीठ भिजवून आंबवतात आणि तापलेल्या पत्र्यावर पातळ पसरून किसरा करतात. आपल्या घावनाच्या जवळ जाणारा, पण कागदासारखा पातळ. तो मोठ्या परातीत रश्श्याबरोबर ठेवायचा आणि सगळ्यांनी भोवती बसून त्यातूनच खायचं. इथिओपियात इंजेरा प्रामुख्यानं टेफ नावाच्या बारीक धान्याचा करतात, पण कोरड्या भागांत ज्वारीचाही करतात. तिथं आपल्या हातानं दुसऱ्याच्या तोंडात घास देणं हा मान असतो, त्याला गुर्शा म्हणतात. बुर्किना फासो, माली या देशांत ज्वारीचा घट्ट उकडीसारखा तो नावाचा पदार्थ भेंडीच्या किंवा पाल्याच्या बुळबुळीत रश्श्याबरोबर खातात. चीनमध्ये ज्वारीची दारू काढतात आणि ती सरकारी मेजवान्यांत मानानं दिली जाते.

आपण तिची भाकरी केली. भाकरी करणं म्हणजे काय, हे नीट बघायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. गव्हात चिकटपणा असतो, तो कणकेला ताणू देतो. ज्वारीत तो नाही. मग तिला एकत्र धरायचं कसं? आपल्या बायकांनी काढलेली युक्ती म्हणजे आधणाचं पाणी. गरम पाण्यानं पीठ थोडं शिजतं, त्याला धर येतो. मग काटवटीत ते रगडून मळायचं, थापायचं, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची आणि विस्तवाला लावायची. पापुद्रा सुटला की जमली. यात पीठ ताजं लागतं. जुन्या पिठाची विरी जाते, मग काही केल्या भाकरी थापली जात नाही, कडा फाटतात. विरी या शब्दाला नेमका प्रतिशब्द मला दुसऱ्या भाषेत सापडलेला नाही. ज्या समाजाला त्या गुणाची गरज पडते, त्याच समाजाला त्याचा शब्द लागतो.

आणि भाकरी ही फक्त पदार्थ नाही, तीच ताटही आहे. शेतात तळहातावर भाकरी, तिच्यावर ठेचा, बुक्कीनं फोडलेला कांदा, झालं जेवण. घरी ती कालवणात कुस्करून काला करायचा. म्हाताऱ्यांना दुधात. भाकरीचं कुस्करणं, मोडणं, पदरात बांधून नेणं, या सगळ्यासाठी ती विशिष्ट प्रकारे मऊ आणि विशिष्ट प्रकारे घट्ट असावी लागते.

अमेरिकेत ती चारा कशी झाली

ज्वारी अमेरिकेत पोचली ती गुलामांच्या व्यापाराबरोबर. आफ्रिकेतून पकडून नेलेल्या माणसांच्या वाटेनंच त्यांचं धान्यही गेलं. पुढं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणखी वाण गेले, त्यातलाच एक मिलो. टेक्सास, कॅन्ससच्या कोरड्या मैदानांवर मका तग धरत नव्हता, ज्वारी धरत होती. पण तिथल्या गोऱ्या शेतकऱ्यांचं रोजचं अन्न गव्हाचा पाव आणि मांस हे होतं. त्यामुळे गोड ताटांच्या वाणांपासून दक्षिणेत पाक काढला गेला, तो सोडला तर दाणा गेला गुरांना, डुकरांना, कोंबड्यांना.

मग तिथं ज्वारीचं रूपच बदललं. पुरुषभर उंचीचं ताट कापणी यंत्राला गैरसोयीचं, म्हणून बुटके वाण निवडले गेले. कमरेइतकी ज्वारी यंत्रानं वरच्यावर कापता येते. १९५० च्या दशकात संकरित वाण आले आणि उत्पादन झपाट्यानं वाढलं. हे सगळं करताना भाकरी कशी होईल, हा प्रश्न कुणासमोर नव्हता. असण्याचं कारणही नव्हतं. गायीला पापुद्रा सुटला काय, न सुटला काय!

आपल्याकडे नेमकं उलट होतं. इथं ज्वारी उंच असायलाच हवी होती, कारण ताटाचा कडबा होतो आणि कडब्यावर बैल जगतो. कणीस माणसाचं, ताट जनावराचं. एकाच पिकावर दोघं जेवायची. दाण्याची निवड मात्र भाकरीसाठी व्हायची: पांढरा, टपोरा, मोत्यासारखा. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ आजही रब्बी ज्वारीत मानाची आहे, ती कडब्यामुळे आणि भाकरीमुळेच.

म्हणजे एकाच आफ्रिकी मुळापासून दोन मुली दोन घरी वाढल्या. एकीला माणसांच्या जेवणासाठी वळण लागलं, दुसरीला जनावरांच्या. १९७२ मध्ये या दोघींची गाठ मराठवाड्यातल्या चुलीपुढं पडली.

बहात्तर

१९७० पासून महाराष्ट्राच्या मोठ्या भागात पाऊस कमी पडत गेला आणि १९७२ चा पावसाळा तर कोरडाच गेला. शेतीचे जाणकार वुल्फ लाडेजिन्स्की यांनी तेव्हा या भागांत फिरून लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकातच शंभर वर्षांत असा दुष्काळ झाला नव्हता, असं म्हटलं. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. सरकारनं पाझर तलाव, रस्ते, बंडिंग, खडी फोडणं अशी कामं काढली आणि मे १९७३ मध्ये या कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर आली, पुढं १९७७ मध्ये तिचा कायदा झाला.

हे आकडे का महत्त्वाचे? कारण सुमारे शंभर वर्षांपूर्वी, १८७६-७८ च्या दुष्काळात, दख्खनमध्ये अगणित माणसं मेली होती. तेव्हा व्हाइसरॉयनं पाठवलेल्या सर रिचर्ड टेम्पल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी उतरवून दिवसाला एक पौंड धान्यावर, म्हणजे साधारण ४५० ग्रॅमवर आणली. मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी ती नाकारून कामं सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू घेतली. म्हणजे दुष्काळात किती खायचं यावरचं भांडण जुनं आहे. बहात्तरमध्ये त्यात 'काय खायचं' हाही प्रश्न आला. माणसं जगली, हे मोठं यश होतंच. ते नाकारायचं काहीच कारण नाही.

रेशनवर आलं ते परदेशी धान्य, त्यात मिलो. दाणा लालसर, पीठ लालसर, भाकरीही लालसर. पांढऱ्या ज्वारीची सवय असलेल्या डोळ्यांना ती भाकरी आधी दिसायलाच परकी. त्यात महिनोन् महिने कोठारात आणि जहाजात राहिलेलं धान्य. आठवणी सांगणारे सांगतात ते असं: भाकरी थापताना तुटायची, तव्यावर तडकायची, गार झाली की कडक व्हायची, घशाखाली उतरायची नाही. पाण्याची टंचाई होती, सरपण नव्हतं आणि बायका दिवसभर खडी फोडून आलेल्या असायच्या. अशा वेळी जे पीठ हाताला साथ देत नाही, ते नुसतं बेचव नसतं, ते थकवतं.

सुकडीची गोष्ट वेगळी. सुखडी हा मुळात गुजराती घरांतला पदार्थ, गव्हाचं पीठ, तूप आणि गुळाचा. दुष्काळी कामावर वाटलेली सुकडी तुपाच्या घरगुती सुखडीसारखी असणं शक्यच नव्हतं, पण ती तयार मिळायची. गोड असायची. तिच्यासाठी चूल पेटवावी लागत नव्हती. म्हणून पन्नास वर्षांनंतरही एका शब्दाला चेहरा खुलतो आणि दुसऱ्याला आक्रसतो. दोन्ही बाहेरचेच पदार्थ. पण एक पदार्थ करून आला, दुसरा नुसता दाणा आला.

माझ्या प्रकरणाचा मुख्य मुद्दा हाच आहे. धान्य देश ओलांडतं, पण त्याची रीत बहुतेक वेळा मागेच राहते. आणि रीत नसलेलं धान्य हे पोट भरणारं असलं, तरी जेवण नसतं.

'अमेरिकेनं घातलेली भीक'?

मिलोच्या आठवणीला एक कडवट वाक्य चिकटलेलं असतं: अमेरिकेनं त्यांच्या जनावरांचं धान्य आपल्याला भीक म्हणून घातलं. इथं इतिहासाच्या विद्यार्थ्यानं जरा थांबायला हवं.

१९५४ मध्ये अमेरिकेनं पब्लिक लॉ ४८० नावाचा कायदा केला. आपण ज्याला पीएल ४८० म्हणतो, तो. तिथलं जास्तीचं धान्य मित्रदेशांना सवलतीत देण्याचा. भारतानं १९५६ मध्ये करार केला आणि १९६५-६७ च्या दुष्काळांत या वाटेनं प्रचंड धान्य आलं. गहू तर आलाच, मिलोही आला. पण १९७१ च्या बांगलादेश युद्धानंतर दोन्ही देशांचे संबंध बिघडले होते. १९७२-७३ मध्ये भारतानं बाहेरून आणलेलं धान्य बव्हंशी रोख पैसे मोजून विकत घेतलेलं होतं. सोव्हिएत रशियाकडून २० लाख टन गहू मिळाला, तोही उसना.

म्हणजे साठच्या दशकातली मदत आणि बहात्तरची खरेदी या दोन आठवणी लोकांच्या मनात एक झाल्या. का झाल्या असतील? मला वाटतं, कागदावर खरेदी असली तरी रेशनच्या रांगेत उभ्या माणसाला ती खरेदी वाटत नव्हती. त्याला निवड नव्हती. जिथं निवड नसते, तिथं विकत घेतलेलंही भिकेसारखं लागतं. कागद एक सांगतो, जीभ दुसरं. दोन्ही पुरावेच आहेत, फक्त वेगवेगळ्या गोष्टींचे.

गावातली सीमा

आता अवघड भाग. 'जनावराचं धान्य' ही तक्रार गावातल्या सगळ्यांची सारखी होती का?

शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी' या १९८४ च्या आत्मकथनात त्यांची आजी सुगीच्या दिवसांत जनावरांच्या शेणात आलेले ज्वारीचे दाणे वेचते, धुते, वाळवते आणि दळून त्याची भाकरी करते. ही गोष्ट दुष्काळाची नाही. भरल्या शिवारातली आहे. गोष्ट सोलापूरकडची असली तरी व्यवस्था सगळीकडची होती. महारवाड्यानं गावकीची कामं करायची आणि संध्याकाळी येसकराच्या पाळीनं घरोघर भाकरी मागायची. मिळायचे ते बहुधा शिळे तुकडे.

ज्या घरांना ताजी पांढरी भाकरी रोज मिळत होती, त्यांच्यासाठी मिलो म्हणजे खाली घसरणं होतं. ज्यांना ती कधीच खात्रीनं मिळाली नाही, त्यांच्यासाठी रेशनवर, स्वतःच्या कार्डावर, कुणापुढं हात न पसरता मिळालेलं धान्य ही वेगळीच गोष्ट असणार. एकाच रांगेत, एकाच दुकानात, एकाच पोत्यातलं धान्य गावातल्या सगळ्यांनी घेणं, हेही त्या काळात छोटं नव्हतं. माणसाचं अन्न आणि जनावराचं अन्न यांच्यातली रेघ अमेरिका आणि भारत यांच्यामध्ये होती हे खरं, पण ती आधीपासून वेशीच्या आतही होती.

तीच रेघ घरातही सापडते. आपल्याकडे बाई शेवटी जेवते. इथिओपियात हातानं घास भरवण्याला मान असतो, युरोपात सगळं कुटुंब एका वेळी टेबलाशी बसतं, आपल्याकडे वाढणारी उभी आणि बाकीचे पाटावर. भरल्या घरात हा रिवाज असतो, दुष्काळात त्याचा हिशेब होतो. टोपलीत शेवटी उरते ती गार, कडक झालेली भाकरी. म्हणून मुलाखतींमध्ये मी फक्त "काय खाल्लं?" असं विचारत नाही. "कुणी केलं, कसं केलं आणि शेवटी कोण जेवलं?" हेही विचारते.

रीत मागे राहिली की काय होतं

मिलो हे काही एकटं उदाहरण नाही. मका घ्या. मेक्सिकोत हजारो वर्षं मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, मग वाटून त्याची टॉर्टिया ही भाकरी करतात. कोलंबसनंतर मका युरोपात आला, पण चुन्याची रीत आली नाही. इटलीतल्या गरीब शेतकऱ्यांचं सगळं जेवण मक्यावर आलं आणि त्यांना कातडी सोलवटणारा, शेवटी वेड लावणारा पेलाग्रा जडला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गरिबांचंही तेच झालं. चुन्यामुळे मक्यातलं एक जीवनसत्त्व शरीराला मिळू शकतं, हे नंतर कळलं.

हा रोग दख्खनलाही अनोळखी नाही. डॉ. सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये हैदराबादहून दाखवून दिलं की जवळजवळ फक्त ज्वारीवर जगणाऱ्या इकडच्या गरिबांनाही पेलाग्रा होतो. दोष ज्वारीचा नाही. भाकरीबरोबर डाळ, ताक, पालेभाजी असेल तर ही वेळ येत नाही. आपण 'तोंडी लावणं' म्हणतो ते काही नुसते जिभेचे चोचले नव्हेत. कोरडी भाकरी हे दारिद्र्याचं वर्णन आपल्या भाषेत उगीच आलेलं नाही.

उलटा प्रवास

पुढं काय झालं? बहात्तरच्या आधीच, १९६४ मध्ये, भारतात सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी आली होती. तिच्या आई-बापांपैकी एक वाण अमेरिकेतला होता. दुष्काळानंतर असे वाण गावोगाव पसरले. आजही मराठवाड्यात नुसतं 'हायब्रीड' म्हटलं की लोक ज्वारीच समजतात. 'हायब्रीडची भाकरी' म्हणताना आवाजात थोडी नाराजी असतेच. पांढरी असली तरी तिला मालदांडीची गोडी नाही, आणि ताट बुटकं म्हणून कडबाही कमी.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असे दर ठरले. ज्वारी भरड धान्यात. कायद्यातही पायरी तीच राहिली. (जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे.) रेशनला गहू-तांदूळ येत राहिला तशी रोजची पोळी, जी पूर्वी सणाची होती, ती सवयीची झाली. मग २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष ठरवलं, ज्वारी 'श्री अन्न' झाली आणि अमेरिकेतल्या दुकानांत ती गव्हाला पर्याय म्हणून आरोग्याच्या कप्प्यात जाऊन बसली. तिथल्या माणसांच्या ताटात ती आता हळूहळू येतेय.

आणि भोकरदन-सिल्लोडच्या पट्ट्यात? इथं आता मका मोठ्या प्रमाणावर दिसतो. पिकवणारा शेतकरी तो फारसा खात नाही. भाजलेलं कणीस सोडलं तर बराचसा मका बाजार समितीतून कोंबड्यांच्या खाद्याला आणि कारखान्यांना जातो. मेक्सिकोतल्या एखाद्या आजीला हे सांगितलं तर तिलाही वाटेल, माणसाचं अन्न हे लोक कोंबड्यांना घालतात! कॅन्ससचा शेतकरी १९७२ मध्ये जिथं होता, त्या जागी आज आपला शेतकरी आहे.

म्हणूनच 'अमुक देशात हे खातात, तमुक देशात ते' अशा याद्या मला अपुऱ्या वाटतात. कोण काय खातं हे हवामानानं जितकं ठरतं, तितकंच ते कुणाच्या हातात कुठली रीत आहे, कुणाला निवड आहे आणि कुणाच्या ताटाला मान आहे यानं ठरतं.

प्रबंधासाठी मला सगळ्यात जास्त गरज आहे ती पाककृतींची. मिलोची भाकरी होत नव्हती, तरी त्यावर वर्ष काढलं, म्हणजे कुणीतरी काहीतरी मार्ग काढला होता. दुसरं पीठ मिसळलं असेल, कण्या करून शिजवल्या असतील, आंबील केली असेल. सरकारी अहवालांत टनांचे आकडे आहेत, पण हे नाही. तुमच्या घरात बहात्तर पाहिलेलं कुणी असेल तर एकदा बसून विचारा, "मिलोचं तुम्ही नेमकं काय करायचात?" आणि जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. ती माणसं आता थोडी उरली आहेत.